कोयनेच्या रानात कोणी जावे?

रसिक : बामणोलीला वनखात्याचा परवाना काढून लाँचमध्ये बसावे, शिवसागराचे पाणी तास-दीड तासात ओलांडून मेट इंदवलीच्या चौकीवर नावे नोंदवावीत, ओढ्याकाठच्या उघड्यावरच्या मारुतीला नमस्कार करून वासोट्याच्या गडाची वाट धरावी, आणि थोडक्या पावलांत उन्हाचा मुलूख मागे टाकून अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्या दाट छायेत शिरावे, हा अनुभव ज्याने एकदा घेतला त्याला अरण्याचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही, असे माझे मत आहे. सह्याद्रीचे वैशिष्ट्यच हे, की येथे एका दिवसाच्या चालीत तीन-चार प्रकारची राने भेटतात. ऐन धारेवर आणि पश्चिमेच्या घळींत, जेथे पावसाळ्याचे चार महिने ढग जमिनीला टेकलेले असतात, तेथे सदाहरित झाडी. जरा पूर्वेला उतरलो की ऐन, किंजळ, नाना, बेहडा यांचे पानझडीचे रान. उतारांवर कारवीची दाटी, जी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी टाकून मरते. आणि या सर्वांच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे, ज्यांवर वैशाखात गवताची काडीही तग धरीत नाही, पण श्रावण-भाद्रपदात बोटभर मातीवर कवल्याची पिवळी फुले पसरतात आणि त्यांच्या मुळाशी दवबिंदूची रोपे आपल्या चिकट केसांवर किडे धरून बसलेली दिसतात. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातली चार, आणि त्या चारांत कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान ही दोन. एवढे वैभव दाराशी असताना ते न पाहताच आयुष्य संपवावे, हा मला करंटेपणा वाटतो. माझ्या हाती असते तर मी प्रत्येक मराठी मुलाला शाळकरी वयातच एकदा या रानात नेऊन सोडले असते.

साशंक : वाटेवरचा पहिला टप्पा तुम्ही फार लवकर ओलांडलात. ज्या पाण्यावरून तुमची लाँच गेली, त्याच्या तळाशी कोयनेचे मूळ खोरे आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी कड्याला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत येते, आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेस मिळते. त्या वळणाच्या अलीकडे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, आणि काठची भातखाचरे, देवळे, मसणवटे, लेकी-सुनांच्या येण्याजाण्याच्या पायवाटा, सगळे पाण्याखाली गेले. माणसे सोलापूर-सांगलीच्या माळावर आणि ठाणे-रायगडच्या बाजूला नेऊन वसवली. जी वस्ती पाण्याच्या वर राहिली, तिच्यातली कितीतरी गावे पुढे १९८५ चे अभयारण्य आणि २०१० चा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांच्या हद्दी जसजशा आखल्या गेल्या तसतशी उठत गेली. तुम्ही ज्या मारुतीला नमस्कार करता, तो रानातला मारुती नव्हे. तो गावातला मारुती आहे, त्याचे गाव तेवढे गेले. त्याच्या आसपास जरा वाकून पाहा. करवंदीच्या जाळीत एका घराचे जोते आहे, चारी बाजूंचे घडीव दगड अजून ओळंब्यात. एका कोपऱ्यात उंबराच्या मुळ्यांनी दोन दगड उचलून धरले आहेत. मागच्या अंगाला पाट्याचा एक तुकडा, वाटून वाटून मधोमध खोलगट झालेला. त्या पाट्यावर जिने वाटण वाटले तिच्या नातवाला आज येथे यायचे झाले तर तुमच्यासारखाच परवाना काढावा लागतो, तुमच्याइतकेच शुल्क भरावे लागते, आणि तुमच्याप्रमाणेच संध्याकाळच्या आत हद्दीबाहेर पडावे लागते. माझा आक्षेप तुमच्या आनंदाला नाही. ज्या कायद्याने तुम्हाला आत घेतले, त्याच कायद्याने त्याला परका केले, आणि तुम्ही हे रान पाहून परत येता तेव्हा ही गोष्ट तुमच्या स्मरणातही राहत नाही, हे मला सहन होत नाही.

रसिक : हे दुःख खरे आहे आणि साठ वर्षे उलटूनही पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन तेथील लोकांना धरणे धरून बसावे लागते, ही आपल्या राज्याला लाज आणणारी गोष्ट आहे, हे मी तुमच्याइतक्याच तीव्रतेने म्हणतो. पण या अन्यायाची फेड मी घरी बसल्याने होणार आहे का? मी गेलो नाही म्हणून त्या नातवाच्या सातबाऱ्यावर जमीन चढत नाही. उलट, दुसऱ्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. जेथे माणूस उठला, तेथे गवा आला. चांदोलीच्या ओसाड गावांच्या मोकळ्या गवताळ पट्ट्यांत गव्यांचे कळप उतरतात. सांबर, भेकर, अस्वल, रानकुत्र्यांच्या टोळ्या, खवल्या मांजर, पिसोरीसारखे बुजरे हरीण, या सर्वांना ज्या निवांतपणाची गरज असते तो या सहाशे चौरस किलोमीटरच्या गाभ्यात त्यांना लाभला आहे. २०१८ साली येथील कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, तेव्हा सह्याद्रीतला वाघ ही केवळ जुन्या माणसांच्या सांगण्यातली गोष्ट नाही, याची खात्री पटली. संरक्षणाची ही रेघ ओढली गेली नसती तर या खोऱ्यात काय झाले असते, ते महाबळेश्वर-तापोळ्याच्या रस्त्याने एकदा जाऊन पाहा. डोंगर कापून सपाट केलेले भूखंड, विश्रामगृहांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या. शिवाय आता कोयनेच्या खोऱ्यात नवे महाबळेश्वर वसवण्याची योजना आहेच. तिच्याविरुद्ध हरकती घेणारी माणसे कोठून येतात? ज्यांनी हे रान डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांच्यातूनच येतात.

साशंक : गव्याचा उल्लेख तुम्ही केलात ते बरे झाले, कारण माझा दुसरा आक्षेप त्यातूनच निघतो. तुम्ही ज्या गवताळ पट्ट्यांबद्दल बोललात ती निसर्गाची आदिम कुरणे नव्हेत. ती त्या उठलेल्या गावांची शेते आहेत. पिढ्यानपिढ्या नाचणी-वरीसाठी झाडी तोडून, राब भाजून, दगडांच्या ताली रचून जी जमीन मोकळी ठेवली गेली, तिच्यावर गुरांचे चरणे थांबल्यावर गवत माजले आणि त्या गवतावर गवा आला. आता तीच जमीन माणसाच्या हातावाचून तशीच राहील का? राहणार नाही. झुडपे वाढतात, मग झाडे येतात, गवत हटते. म्हणून तेथे झुडपे काढून टाकण्याची मोहीम वनखात्यालाच घ्यावी लागते. म्हणजे शेतकऱ्याचा कोयता अपराध ठरवून बाहेर काढला आणि त्याचे काम सरकारी मजुरीने सुरू ठेवले. ज्या अरण्याला तुम्ही अस्पर्श समजून हात जोडता, ते मानवी वहिवाटीतून घडलेले आहे. आपल्या लोकांना हे पूर्वी ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी लिहिताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये असे बजावले, आणि कारण असे दिले की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे वाढवलेली असतात. झाड आणि ते वाढवणारा माणूस यांना एकाच वाक्यात पाहणारी ही दृष्टी होती. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने ती मोडली. कुमरीची फिरती शेती बंद झाली, रान राखीव झाले आणि रयत अतिक्रमणदार ठरली. तुमचे पर्यटन या मोडलेल्या दृष्टीचा शेवटचा आविष्कार आहे. माणूस नसलेले रान पाहायला तुम्ही जाता, आणि ते माणूस नसलेले आहे म्हणूनच तुम्हाला सुंदर वाटते.

रसिक : तुमचा हा युक्तिवाद मी मान्य करतो, आणि मान्य करूनच तो तुमच्यावर उलटवतो. हे रान जर माणसाच्या हाताने घडले असेल, तर माणसाचे येणे हाच काही रानाचा घात नव्हे, हेही त्यातून सिद्ध होते. मग मी, जो एक फांदीही तोडत नाही, चौकीवर पिशवी उघडून प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून देतो, त्यांसाठी अनामत ठेवतो आणि दिवस मावळायच्या आत परततो, त्या माझ्याच पावलांनी एवढे काय बिघडते? तुम्ही म्हणता की आम्हाला निर्मनुष्य रान हवे असते. काहींना हवे असेल. मला मात्र तेच जोते पाहून रान अधिक समजले. कड्यावरून खाली कोकणात पाहताना ज्या माणसांनी या घेऱ्याचा पहारा केला, गडाच्या मेटांवर ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांची आठवण मला दर वेळी होते. पाहण्याने माणूस निव्वळ ग्राहक होतो असे का समजावे? पाहणे ही शिकण्याची पहिली पायरी आहे.

साशंक : एका माणसाच्या पावलाने काही बिघडत नाही, हे खरे. पण एकटा माणूस कधीच जात नाही. त्याच्यामागून त्याची सोय जाते. शेकरूचे उदाहरण घ्या. हा प्राणी उंच झाडाच्या अगदी टोकाच्या, बारीक फांद्यांवर काटक्यांचे घरटे बांधतो, कारण जड शत्रू तेथवर पोचू शकत नाही. एकच नव्हे, अशी अनेक घरटी तो आपल्या हद्दीत राखतो, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत असा हिंडतो की जमिनीवर उतरण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. त्याचे सारे जगणे माथ्याला माथा भिडलेल्या झाडांवर अवलंबून असते. आता पर्यटकांची गर्दी वाढली म्हणजे काय होते? पायवाटेचा गाडीरस्ता होतो, गाडीरस्त्याला वळणावर रुंदी लागते, रुंदीसाठी दोन्ही बाजूंची झाडे जातात, आणि वर पाहिले तर जेथे फांद्या एकमेकींना भिडल्या होत्या तेथे आभाळाचा पट्टा दिसतो. शेकरूच्या दृष्टीने त्या पट्ट्यावर जग संपते. त्या पर्यटकांतल्या कोणालाही शेकरूचे वाईट चिंतायचे नसते. प्रत्येकाने केवळ थोडी सोय मागितलेली असते. कासच्या पठारावर हेच घडले. फुलांचे नाव झाले, गाड्यांच्या रांगा लागल्या, तुडवणूक सुरू झाली, म्हणून कुंपण घातले. कुंपणामुळे गुरे बाहेर राहिली, आणि गुरांच्या चरण्यावाचून गवत माजून फुलेच दबतात की काय, हा वाद उभा राहिला. पाहणाऱ्यांच्या प्रेमाने पठाराची मूळ व्यवस्थाच बदलली.

रसिक : सोयीविरुद्ध मी तुमच्याबरोबर आहे. वासोट्याला रस्ता नको, रज्जुमार्ग नको, माथ्यावर चहाची टपरीही नको. पावसाळ्यात ते रान बंद राहते तसेच राहावे. पण तुमच्या सबंध बोलण्यात एक गृहीत आहे, आणि ते मला घातक वाटते. न जाणारा माणूस निर्दोष आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेऊन पोफळीला खाली सोडले जाते, तेथे वीज होते, आणि मग ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. १,९६० मेगावॅटची ही योजना महाराष्ट्राच्या कारखान्यांचा आणि शहरांचा आधार आहे. पुण्या-मुंबईत ज्याने दिवा लावला, तो या खोऱ्यात कधीच जाऊन पोचला आहे, मग त्याला बामणोली कोठे आहे हे ठाऊक असो वा नसो. त्या पाट्याचा तुकडा रानात पडला, त्याला कारण असलेल्यांत तुम्हीही आहात आणि मीही आहे. फरक इतकाच, की मी तो तुकडा पाहिला. न पाहणाऱ्याला आपण कशाच्या जिवावर जगतो याचा पत्ताच लागत नाही. आणि ज्याला पत्ता नाही, त्याच्याकडून कसल्याही भरपाईची अपेक्षा कशी करणार?

साशंक : हे तुमचे म्हणणे मी खोडू शकत नाही. मीही या प्रकरणात बाहेरचा नाही, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु कर्जाची जाणीव होणे आणि कर्ज फेडणे यांत अंतर आहे. तुम्ही पाहून आलात, हळहळलात, त्यानंतर काय? चौकीवरचे तुमचे शुल्क त्या नातवाच्या घरी जात नाही. शिवाय तुमची नजर दरवाजा असेल तेथेच जाते, ही याहून मोठी अडचण आहे. सह्याद्रीतला वाघ केवळ कोयना-चांदोलीच्या हद्दीत जगणार नाही. त्याला राधानगरीकडे, तेथून आंबोली-तिलारीकडे, गोव्याच्या आणि कर्नाटकाच्या रानांकडे जायला-यायला वाट हवी, आणि ती वाट जाते खाजगी मालकीच्या रानांतून, गावांच्या गायरानांतून, काजूच्या आणि रबराच्या बागांच्या कडेने. तेथे परवाना नाही, फलक नाही, मोजलेल्या बाटल्या नाहीत, आणि म्हणून तुमच्यातला कोणी तेथे जातही नाही. अभयारण्याची हद्द जितकी पूज्य होते, तितके हद्दीबाहेरचे रान बेवारस होते.

रसिक : तेथे कोणी जात नाही हा जाणाऱ्यांचा दोष म्हणा, पण त्यावर उपाय तर आणखी जाणे हाच नाही का? कोल्हापूरच्या बाजूला जांभ्या सड्यांखाली बॉक्साइट आहे, आणि त्यासाठी सडेच्या सडे खरवडले गेले. महसुलाच्या दप्तरी सडा म्हणजे पडीक जमीन; पीक नाही, झाड नाही, म्हणून किंमत नाही. त्या पडीक जमिनीवर भाद्रपदात काय उगवते, तिच्या भेगांत मुरलेले पाणी खालच्या गावच्या झऱ्याला फाल्गुनापर्यंत कसे पुरते, हे कोणीतरी गुडघ्यांवर बसून पाहिले, त्याची नोंद केली, लोकांना दाखवले, म्हणून तर त्या सड्यांविषयी बोलणे शक्य झाले. अभ्यासक आणि हौशी यांच्यातली रेघ येथे फार पुसट असते. आज फुलांचा फोटो काढायला आलेला मुलगा उद्या जनसुनावणीत उभा राहून बोलतो, अशी माणसे मी पाहिली आहेत.

साशंक : आणि खालच्या गावाला तो झरा ठाऊक नव्हता? त्याला झऱ्याचे नाव ठाऊक आहे, कोणत्या महिन्यात धार करंगळीएवढी होते तेही ठाऊक आहे. पण त्याचे बोलणे साक्ष म्हणून घेतले जात नाही, आणि तुमच्या मुलाचे घेतले जाते. देवरायांचा विचार करा. पानही तोडायचे नाही, पडलेले लाकूडही उचलायचे नाही, असे नियम लोकांनी स्वतःवर घालून घेतले आणि शतकानुशतके पाळले. ते पाळले गेले याचे कारण केवळ देवाचे भय नव्हते. राई तोडली तर आपलाच झरा आटतो, हे तेथे राहणाऱ्याला पुढच्याच चैत्रात भोगावे लागत असे. ज्याला परिणाम भोगावा लागतो त्याने नियम करावा, हे त्या व्यवस्थेचे मर्म. तुम्ही चांगले आहात, संयमी आहात, हे सगळे खरे. पण रान गेले तर तुमच्या विहिरीचे पाणी खाली जाणार नाही. म्हणून माझे म्हणणे आता इतक्यावर येऊन ठेपले आहे, की जाण्याला माझी हरकत नाही. पण कोणी, किती, केव्हा जावे हे ठरवण्याचा अधिकार त्या खोऱ्यातून उठलेल्या आणि त्याच्या कडेला अजून टिकून असलेल्या गावांचा असावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जो मान दिला आहे, तो कागदावरून रानात उतरावा.

रसिक : हे मी मनापासून स्वीकारतो. त्यांनी शुल्क ठरवावे, ते त्यांच्याकडे जावे. त्यांनी वाट दाखवावी, आणि वाटाड्या म्हणून नव्हे तर यजमान म्हणून. त्यांनी उद्या सांगितले की पाच वर्षे कोणी येऊ नका, तर मी जाणार नाही आणि तक्रारही करणार नाही. पण मग मला एका प्रश्नाचे उत्तर द्या, कारण या तुमच्या व्यवस्थेत तो प्रश्न टाळता येणार नाही. समजा, ज्या गावाला तुम्ही हा अधिकार दिला, त्या गावाची तरुण मुले मुंबईला गेली आहेत, उरलेल्यांना दवाखाना वीस मैलांवर आहे, आणि खाणवाल्याने येऊन सांगितले की सडा द्या, रस्ता करून देतो, प्रत्येक घरी नोकरी देतो. ग्रामसभेने हात वर करून संमती दिली. तेव्हा तुम्ही काय कराल?

साशंक : या प्रश्नाने मी अनेकदा अडलो आहे. ती संमती खरी मानली तर सडा जातो, आणि सड्याबरोबर पुढच्या गावचा झराही जातो, ज्या गावाला कोणी विचारलेच नव्हते. ती संमती खोटी मानली, म्हणजे गरजेपोटी दिलेली म्हणून बाजूला सारली, तर मी पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहतो जेथे १८७८ चा कायदा करणारे उभे होते, की रयतेला तिचे हित कळत नाही, आम्हाला कळते. एवढे मात्र निश्चित म्हणेन, की दवाखाना वीस मैलांवर असताना मागितलेली संमती आणि दवाखाना गावात असताना मागितलेली संमती या एक नव्हेत. आणि दवाखाना गावात आणण्याचे काम ज्यांचे होते, त्यांत आपण दोघेही येतो.

रसिक : म्हणजे खाणवाल्याच्या आधी आपण तेथे पोचायला हवे होते.

साशंक : हो, परवान्यावाचून, आणि सडा फुललेला नसताना. पण तसे गेलो तरी त्या गावाने आपले ऐकावे असा आपला कोणता हक्क आहे, ते मला अजून सांगता येत नाही.